गंधर्वांचे नाव आणि रंगमंदिराचा जमाखर्च

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, मुठेच्या काठाशी जे रंगमंदिर उभे आहे, त्याची कोनशिला ज्यांच्या हस्ते बसली, त्यांनाच ते पूर्ण झालेले पाहण्याचे भाग्य लाभले नाही. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी तो समारंभ झाला, तेव्हा नारायणराव राजहंस चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पायांनी कधीच साथ सोडली होती. ज्या पावलांनी रुक्मिणी होऊन, भामिनी होऊन अवघ्या महाराष्ट्राला वेड लावले होते, ती आता दुसऱ्याच्या आधारावाचून पुढे पडत नव्हती. पानशेतच्या पुराला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि शहर अजून सावरत होते. त्याच दिवसांत पुण्याच्या महापालिकेने नाटकासाठी एक मोठे घर बांधायचे ठरवले, आणि त्या घराला बालगंधर्वांचे नाव द्यायचे, हेही. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. त्यांच्या पुढच्याच जयंतीला, २६ जून १९६८ रोजी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

त्या गोष्टीला पन्नास वर्षे होतात न होतात तोच, २०१८ साली महापालिकेच्या अंदाजपत्रकात या वास्तूच्या पुनर्विकासाची कल्पना आली. कलावंतांनी आणि रसिकांनी विरोध केला. २०२२ मध्ये ती पुन्हा वर आली. एका प्रेक्षागृहाच्या जागी तीन प्रेक्षागृहे असलेल्या नव्या संकुलाचा आराखडा पुढे आला आणि पुन्हा दोन तट पडले. एक म्हणतो, इमारत जुनी झाली, गैरसोयी वाढल्या, पाडून नवी बांधा. दुसरा म्हणतो, नाटकाच्या नावाखाली या मोक्याच्या जागेवर दुसरेच काही उभे राहील.

वाद पुण्याचा असला तरी प्रश्न पुण्यापुरता नाही. वाडे गेले, चाळी गेल्या, त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या, हे मुंबईपासून कोल्हापुरापर्यंत आपण सगळ्यांनीच पाहिले. नाट्यगृहाची जमीनही शेवटी जमीनच. तिचा भाव वाढला की तिच्यावर काय असावे याची चर्चा सुरू होते. अशा वेळी ज्याचे नाव त्या वास्तूवर आहे, त्या माणसाचे आयुष्य एकदा नीट आठवावे. कारण कला आणि पैसा यांचा हिशेब कसा जमतो, आणि कसा जमत नाही, हे बालगंधर्वांइतके कोणीच भोगलेले नाही.

मिरजेचा पहिला पडदा

राजहंसांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले नागठाणे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, पण गळा असा की ऐकणारा थबकून उभा राहावा. दहा वर्षांच्या आसपासच्या या पोराचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले. कौतुकाने दिलेले ते नाव जन्मभर चिकटले, इतके की नारायण श्रीपाद राजहंस हे नाव पुढे फक्त कागदोपत्री उरले.

त्या काळी संगीत रंगभूमीवर किर्लोस्कर मंडळीचे राज्य होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि दोन वर्षांनी 'सौभद्र' आणून मराठी माणसाला संगीत नाटकाचा नाद लावला होता. मंडळीचे लाडके नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले आणि कंपनीत पोकळी पडली. भाऊरावांची शकुंतला, भाऊरावांची सुभद्रा ज्यांनी पाहिली होती, त्यांना दुसरे कोणी पटेना.

इकडे नारायणाच्या कानांना दुखणे होते; ऐकू कमी येई. गाणाऱ्याला याहून मोठी आपत्ती कोणती? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाचे गाणे ऐकले होते. त्यांनी मिरजेत त्याच्या उपचारांची व्यवस्था केली आणि त्याला किर्लोस्कर मंडळीच्या हवाली करण्यातही त्यांचाच हात होता. १९०५ मध्ये मिरजेलाच नारायण शकुंतला होऊन रंगमंचावर आला. देवलांसारखा तालीममास्तर लाभला. पाहता पाहता भाऊरावांची उणीव भरून निघाली, आणि पुढे तर लोक भाऊरावांची आठवण काढायचे विसरले.

गाण्याचे खरे संस्कार केले ते भास्करबुवा बखले यांनी. बुवांनी त्यांना गवई बनवले, पण मैफलीचा नव्हे, नाटकातला. राग तोच, सुरांची ओढ तीच. पण पद संपायच्या आत प्रसंग पुढे गेला पाहिजे, शब्द शेवटच्या रांगेत कळला पाहिजे आणि गाणारी बाई त्या क्षणी हसते आहे की रुसली आहे, हे सुरातून दिसले पाहिजे. बालगंधर्वांच्या गाण्याची सारी जादू या तीन गोष्टींत होती. मोठमोठे गवई त्यांच्या प्रयोगाला येऊन बसत, ते यासाठी.

ज्या दिवशी 'मानापमान' झाले

१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. शहरभर बोलबाला झालेला, तिकिटे खपलेली. आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा, असे मंडळीतल्यांना वाटणे साहजिक होते. बालगंधर्वांनी ऐकले नाही. संध्याकाळी त्यांनी तोंडाला रंग लावला, शालू नेसला, दागिने घातले आणि भामिनी होऊन ते उभे राहिले. प्रेक्षकांना त्यांचे दुःख दिसले नाही. दिसू नये म्हणूनच तर ते उभे राहिले होते.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती सांगताना कलावंताच्या निष्ठेचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रेक्षकांशी झालेला करार त्यांच्या लेखी मोडता येत नसे. पैसे मोजून आलेला माणूस त्यांच्या दृष्टीने अन्नदाता होता, आणि अन्नदात्याला रिकाम्या हाती परत पाठवायचे नाही, हा त्यांचा धर्म होता. त्या धर्माने त्यांना शिखरावर नेले आणि त्यानेच पुढे त्यांना बुडवलेही.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. पुढची काही वर्षे म्हणजे मराठी संगीत रंगभूमीची दिवाळी. १९१६ मध्ये देवलांचे 'संशयकल्लोळ', त्याच वर्षीच्या डिसेंबरात खाडिलकरांचे 'स्वयंवर', त्याला भास्करबुवांचे संगीत. बालगंधर्वांची रुक्मिणी पाहायला लोक गावोगावहून गाड्या जुंपून येत. १९१९ मध्ये बडोद्याला गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. लेखक महिनाभरापूर्वीच गेले होते. भरजरी शालू नेसणाऱ्या या नटाने सिंधूसाठी फाटके, ठिगळाचे लुगडे नेसले आणि जात्यावर बसलेल्या सिंधूने नाट्यगृह रडवले. नुसत्या झगमगाटावर लोक भाळले होते असे म्हणणाऱ्यांना ती सिंधू हे उत्तर होते.

घराघरांत बालगंधर्व शिरले ते वेगळ्याच वाटेने. त्यांनी नेसलेल्या शालूचा काठ, त्यांची केशरचना, पदर घेण्याची रीत, सगळ्याची नक्कल बायका करू लागल्या. पुरुषाने बायकांना कसे नेसावे हे शिकवावे आणि त्यांनी ते आनंदाने शिकावे, असा चमत्कार दुसरीकडे क्वचितच घडला असेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्यांच्या ट्रंकेत त्या काळचा एखादा शालू असेल, तर त्याच्या पसंतीमागे कदाचित एखादी 'स्वयंवर'ची रात्र असेल.

खर्चाची पाटी कोरीच

गंधर्व मंडळीत दुय्यम काही चालत नसे. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. नुसत्या त्यांच्या साथीसाठी मैफल भरवावी, अशी ही माणसे नाटकाच्या साथीला बसत. पेटीच्या जोडीला ऑर्गन आला. पडदे रेशमी, दागिने नजर ठरणार नाहीत असे, अत्तराचा सुगंध पहिल्या रांगांपर्यंत येणारा. १९२० मध्ये 'द्रौपदी' आले, त्यातल्या मयसभेसाठी पैसा पाण्यासारखा ओतला गेला. नाटक डोळे दिपवणारे झाले, पण घातलेला पैसा त्या मानाने परत आला नाही.

कंपनी म्हणजे फिरते गावच होते. नट, साथीदार, आचारी, शिंपी, पडदेवाले, त्यांची बायकामुले. मुक्काम पडेल तिथे बिऱ्हाड, आणि पंगत सगळ्यांची एक. आजारी पडलेल्याचे औषध, कुणाच्या मुलीचे लग्न, म्हाताऱ्या नटाचा सांभाळ, सारे मालकाच्या खात्यावर. आणि मालकाला खाते म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. भागीदार एकेक करून बाहेर पडले. आधी टेंबे, नंतर बोडस. कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली, आणि कर्जही एकट्याचे झाले. त्या काळच्या लाखांच्या भाषेतले ते कर्ज होते. मित्रांनी आणि चाहत्यांनी मार्ग सुचवले. बालगंधर्वांनी दानधर्मापेक्षा काम पत्करले. गावोगाव प्रयोग करीत, ओढगस्त सोशीत, त्यांनी ते कर्ज फेडले.

याच सुमारास मराठी रंगभूमीने पाहिलेली सर्वांत गाजलेली रात्र झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केले. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी हा प्रयोग होता. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता, आणि त्या काळचे शंभर रुपये म्हणजे काय, हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावे. दोन गळे समोरासमोर आले, कोण वरचढ याचे वाद पिढ्या चालले. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की आपापल्या तिकीटविक्रीवर जगणाऱ्या दोन मालकांनी त्या रात्रीचा गल्ला आपल्या घरी नेला नाही. त्यातल्या एकाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर असताना नेला नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस.

उतरतीचे दिवस

१९३१ मध्ये राजारामबापूंच्या नव्हे, तर कान्होपात्रेच्या रूपाने बालगंधर्वांना पुन्हा एक मोठे यश मिळाले. ना. वि. कुलकर्णी यांचे 'कान्होपात्रा', मास्तर कृष्णरावांच्या चाली. पण त्याच वर्षी पडद्यावर माणसे बोलू लागली, आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट आणला. काही आण्यांत दिसणाऱ्या खेळापुढे रात्र रात्र चालणारी नाटके टिकेनात. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगमंचावर उभ्या राहू लागल्या होत्या. पुरुषाने स्त्री होण्याची गरजच सरत चालली होती. गावोगावची नाट्यगृहे एकामागून एक चित्रपटगृहे झाली. आजच्या भाषेत बोलायचे तर मराठी नाटकाच्या जागांचा तो पहिला पुनर्विकास. त्यात नाटकाला विचारले कोणीच नाही.

बालगंधर्वांनी काळाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. 'प्रभात'शी भागीदारी झाली, १९३५ मध्ये शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' निघाला. त्यात ते संत एकनाथ झाले. पण लोकांना पुरुषवेषातले बालगंधर्व रुचले नाहीत, आणि समोर प्रेक्षक नसताना गाणे त्यांना रुचले नाही. एका चित्रपटावर भागीदारी संपली. १९३७ मध्ये बाबुराव पेंटरांनी त्यांना घेऊन 'साध्वी मीराबाई' काढला, तोही चालला नाही. ते पुन्हा आपल्या रंगमंचाकडे वळले.

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. बालगंधर्वांच्या गाण्याने झपाटलेल्या या गायिकेने त्यांच्याबरोबर कामे केली आणि पुढे त्यांचे आयुष्यही वाटून घेतले. त्यावरून घरात वादळ झाले, जुने स्नेही दुरावले, समाजाने नाना बोल लावले. शेवटच्या विपन्नावस्थेचे खापरही पुष्कळांनी गोहरबाईंवर फोडले. ते खरे मानणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. पैसा गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधीपासून जात होता, आणि बालगंधर्व पायांनी अधू झाले तेव्हा त्यांची शुश्रूषा करायला शेजारी त्याच होत्या. बालगंधर्वांच्या आधी त्या गेल्या.

मान मिळत राहिले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. घरी मात्र चणचण होती. उतारवयात भजने म्हणावीत, कुणी बोलावले तर बसल्या जागी गावे, असे दिवस आले. शेवटचे काही महिने तर शुद्धही नव्हती. ज्याच्या एका रात्रीच्या गल्ल्यावर शंभर घरे जेवली, त्याची अखेर अशी झाली.

तोटा कोणी सोसायचा?

आता पुन्हा रंगमंदिराकडे येऊ. बालगंधर्वांचे आयुष्य पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. उत्तम नाटक हा पुष्कळदा तोट्याचा व्यवहार असतो, आणि त्यांच्या काळी तो तोटा एकट्या मालकाने सोसावा अशी रीत होती. कधी संस्थानिक हात देत, शाहू महाराजांनी दिला, बडोद्याच्या गायकवाडांनी दिला. संस्थाने गेल्यावर प्रश्न उरला की हा भार आता कोणी घ्यायचा. पुण्याच्या महापालिकेने १९६० च्या दशकात उत्तर दिले, की आम्ही घेऊ. म्हणजे शहर घेईल. कर भरणारा नागरिक घेईल. पु. ल. देशपांड्यांसारख्या माणसाने त्या वास्तूच्या उभारणीत जातीने लक्ष घातले, गोपाळराव देऊसकरांनी बालगंधर्वांची चित्रे रंगवली, आणि एका माणसाला बुडवणारा तोटा हजारो लोकांनी थोडा थोडा वाटून घ्यावा अशी सोय झाली. रंगमंदिराचा खरा अर्थ हा आहे. सार्वजनिक वाचनालयाकडून जसा कोणी नफ्याची अपेक्षा करीत नाही, तसेच हे.

म्हणूनच पुनर्विकासाच्या बोलण्यात जागेच्या उत्पन्नाचा मुद्दा आला की कान टवकारले पाहिजेत. जमीन मोक्याची आहे, तिचा पुरेपूर उपयोग होत नाही, ही भाषा बिल्डरच्या तोंडी शोभते. तोच हिशेब लावायचा तर या जागेवर नाटक नव्हे, सदनिकांचा मनोरा किंवा दुकानांची रांगच उभी राहायला हवी. त्या हिशेबात नाटक कधीच बसणार नाही. बसत असते तर बालगंधर्व कर्जात गेले नसते.

पण याचा अर्थ जुन्या विटेला हात लावू नये असा नाही. बालगंधर्व जुन्याला कवटाळणारे नव्हते. ऑर्गन आणणारे, नवे पडदे, नवी रोषणाई, नवे नाटककार शोधणारे ते होते. प्रेक्षकाला मोडक्या खुर्चीवर बसवणे त्यांना खपले नसते. बायकांच्या स्वच्छतागृहाला दुर्गंधी येते, रंगपटात पाणी गळते, ध्वनियंत्रणा दगा देते, वातानुकूलन मध्येच बंद पडते, या तक्रारी महाराष्ट्रातल्या अनेक नाट्यगृहांबाबत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. अन्नदात्याची अशी हेळसांड हा बालगंधर्वांच्या नावाचा खरा अपमान आहे. प्रश्न एवढाच की त्यासाठी दुरुस्ती पुरेशी आहे की सगळेच पाडायला हवे. अनेकदा आधी देखभाल टाळली जाते, मग वास्तू मोडकळीला आली असे सांगितले जाते, आणि मग पाडण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरते. आपल्या सोसायट्यांतही हेच होत आले आहे.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, तर वाचकांपैकी अनेकांनी पुनर्विकासाचा अनुभव घेतलेला असेल. त्यावेळी आपण काय करतो? चटईक्षेत्र किती मिळणार ते इंचाइंचाने मोजतो. काम चालू असताना राहायचे कुठे, भाडे कोण देणार, किती महिन्यांत ताबा, उशीर झाला तर काय, हे करारात लिहून घेतो. सह्या करण्याआधी सर्वसाधारण सभेत तास तास भांडतो. रंगमंदिराच्या बाबतीत हे प्रश्न कोणी विचारायचे? त्याची सर्वसाधारण सभा कुठे भरते?

तेव्हा ते प्रश्न आपणच विचारले पाहिजेत. नव्या रंगमंचाची रुंदी, खोली आणि उंची आजच्याहून कमी तर होणार नाही ना? नेपथ्याचा ट्रक थेट रंगमंचाच्या मागे लागेल ना, की वाहनतळाच्या उतारावरून पडदे डोक्यावर वाहून आणावे लागतील? विंगेत नटांना उभे राहायला जागा असेल ना? माइकशिवाय गायलेले पद शेवटच्या रांगेत पोहोचेल असे सभागृह बांधणारा तज्ज्ञ नेमला आहे का? बांधकामाची तीन-चार वर्षे नाटके, लावणीचे कार्यक्रम, गाण्याच्या मैफली कुठे होतील? त्यांवर पोट असलेले पडदेवाले, प्रकाशयोजनावाले, बुकिंगच्या खिडकीवरचे लोक त्या काळात काय खातील? आणि नव्या सभागृहाचे भाडे एखाद्या हौशी संस्थेला परवडेल ना? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आणि लेखी मिळत नाही, तोवर पहार उचलू देऊ नये.

कोल्हापूरकडे पाहिले तर याची निकड कळते. 'संयुक्त मानापमान'मधल्या त्या धैर्यधराच्या, केशवराव भोसल्यांच्या नावाचे नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अवघे कोल्हापूर हळहळले, आणि नाट्यगृह होते तसे पुन्हा उभे करावे ही मागणी राख विझण्याआधीच सुरू झाली. त्या शहराने दुसऱ्या कशाचा विचार केला नाही, मॉल नको की सदनिका नकोत, असा वादही घालावा लागला नाही. जे जळले ते गमावल्यावर त्याची किंमत सगळ्यांना एकदम कळली होती. १९२१ च्या त्या रात्रीचे दोन नायक. एकाचे घर आगीने नेले. दुसऱ्याच्या घराचे काय करायचे हे शांत डोक्याने ठरवायला अजून वेळ आहे.

बालगंधर्वांचा आवाज आज ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो. २०११ मध्ये आलेल्या 'बालगंधर्व' चित्रपटाने नव्या पिढीलाही त्यांची कथा सांगितली. पण त्यांनी ज्याच्यासाठी मुलीचे दुःख गिळले आणि सगळी मिळकत उधळली, ती गोष्ट ध्वनिमुद्रिकेत मावत नाही. हजार माणसे एका अंधारात बसतात, पडदा वर जातो आणि समोर जिवंत माणूस गातो. त्यासाठी जागा लागते, आणि ती जागा तोट्यातही चालवणारे शहर लागते. पुण्याने एकदा ते करून दाखवले आहे. नवी इमारत होवो वा जुनीच नीट दुरुस्त होवो, तिच्या जमाखर्चात नाटकाचे पान सगळ्यात वर राहिले, तरच दारावर बालगंधर्वांचे नाव लिहिण्याचा अधिकार आपल्याला राहील.